मायटोकॉन्ड्रिया ‘दुरुस्त’ करणाऱ्या गोळ्या कंपवातावर चालतात का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६६ वर्षांचे, निफाडकडे द्राक्षबाग. चार वर्षांपूर्वी पार्किन्सनचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. लेव्होडोपा-कार्बिडोपा दिवसातून तीन वेळा, सोबत रासाजिलीन, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि मन उदास राहतं म्हणून एस्सिटालोप्राम. अमेरिकेतल्या भावाचं म्हणणं, हा आजार मुळात मायटोकॉन्ड्रियाचा आहे, तर उपचारही तिथेच करायला हवा. त्याने कोएन्झाइम क्यू-१०, एनएमएन आणि मिथिलीन ब्लूचे थेंब पाठवले आहेत. शिवाय मेटफॉर्मिन बंद करा असंही तो म्हणतो. हे द्यावं का? आयुष्यभराच्या फवारणीमुळे आजार झाला का? आणि तो मुलाबाळांत उतरेल का?

ताई, सगळ्यात आधी तातडीचं सांगतो. मिथिलीन ब्लूची बाटली आजच कपाटात बंद करा. थेंब देऊन झाले असतील तर वाट न बघता तुमच्या डॉक्टरांना फोन करा. मिथिलीन ब्लू हे शरीरात एमएओ-ए नावाच्या एन्झाइमला जोरात रोखतं. एस्सिटालोप्राम घेणाऱ्या माणसात त्यामुळे सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन एकदम वाढून घाम, थरथर, ताप, गोंधळलेपणा असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०११ मध्येच याबद्दल इशारा दिलेला आहे. त्यात वडिलांना रासाजिलीनही चालू आहे, तेही याच घराण्यातल्या एन्झाइमला रोखतं, म्हणजे आगीशेजारी आणखी पेंढा. जी-६-पी-डी या एन्झाइमची कमतरता असेल तर याच औषधाने रक्तपेशी फुटतात, आणि ही कमतरता आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. दवाखान्यात विशिष्ट विषबाधेसाठी शिरेतून द्यायचं हे चांगलं औषध आहे. जीभ निळी करून घेण्यासाठी ते नाही.

बाकीच्या दोन डब्यांची एवढी भीती नाही.

आता भावाच्या मुद्द्याकडे येतो. त्याचं निम्मं म्हणणं खरं आहे, आणि ते मी हातचं राखून मान्य करत नाही. पार्किन्सन आणि मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीसाठी ऊर्जा बनवणाऱ्या, शाळेत आपण शिकलो त्या तंतुकणिका, यांचं नातं अगदी भक्कम पुराव्यावर उभं आहे. तो पुरावा कसा हाती लागला ते थोडं सविस्तर सांगतो, कारण ते कळलं की या गोळ्या का चालल्या नाहीत तेही कळतं.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात सान्ता क्लारा व्हॅली मेडिकल सेंटरमध्ये चाळिशीतला एक माणूस आणला गेला. डोळे उघडे, पण बोलणं नाही, हालचाल नाही. हात उचलून धरला तर तिथेच राही. आधी मनोविकार वाटला. न्यूरॉलॉजिस्ट विल्यम लँगस्टन यांनी तपासलं तेव्हा चित्र दिसलं ते पंधरा-वीस वर्षं मुरलेल्या पार्किन्सनचं, आणि हे सगळं घडलं होतं काही दिवसांत. त्याच सुमारास त्या परिसरात असेच आणखी तरुण रुग्ण सापडले. सगळ्यांत सामाईक गोष्ट एकच: ‘नवीन हेरॉइन’ म्हणून विकली गेलेली घरगुती प्रयोगशाळेतली भुकटी. ती बनवताना रसायनक्रिया बिघडली होती आणि त्यात एमपीटीपी नावाचा पदार्थ उतरला होता. मेरीलँडमधल्या एका रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत १९७६ मध्ये हेच घडून गेलं होतं, पण तेव्हा त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

हा एमपीटीपी मेंदूत शिरतो. तिथल्या आधारपेशींमधलं एमएओ-बी हे एन्झाइम त्याचं एमपीपी-प्लस नावाच्या विषात रूपांतर करतं. डोपामिन, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणारं मेंदूतलं रसायन, बनवणाऱ्या चेतापेशींना हे विष डोपामिनसारखंच भासतं, म्हणून त्या ते स्वतःहून आत ओढून घेतात. आत गेल्यावर ते मायटोकॉन्ड्रियातल्या ऊर्जासाखळीच्या पहिल्याच कडीवर, म्हणजे कॉम्प्लेक्स-१ वर, जाऊन बसतं. ऊर्जा तुटते, घातक ऑक्सिजन-कण सुटतात, पेशी मरते. या तरुणांना लेव्होडोपा (मेंदूत त्याचंच डोपामिन होतं) दिलं तर ते हलू-बोलू लागले, नेहमीच्या पार्किन्सनसारखेच. म्हणजे शेजारच्या बाकीच्या पेशींना सोडून नेमक्या याच पेशी मारायच्या असतील तर मायटोकॉन्ड्रियावर घाव घालणं पुरतं, हे माणसातच दिसून आलं. तुमच्या वडिलांना चालू असलेलं रासाजिलीन याच एमएओ-बीला रोखतं, हा योगायोग नाही. या घराण्यातल्या सेलेजिलीनची पार्किन्सनमधली मोठी चाचणी एमपीटीपीच्या शोधानंतरच, त्याच धाग्याने उभी राहिली.

पुढे १९८९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंमध्ये, कधीही अमली पदार्थ न घेतलेल्या साध्या पार्किन्सनच्या रुग्णांत, त्याच कॉम्प्लेक्स-१चं काम मंदावलेलं दाखवलं. १९९८ मध्ये जपानमधून पार्किन नावाचं जनुक आलं, २००४ मध्ये पिंक-१. लहान वयात होणाऱ्या आनुवंशिक पार्किन्सनमध्ये ही जनुकं बिघडलेली असतात. दोघांचं काम एकाच प्रकारचं: खराब झालेला मायटोकॉन्ड्रिया हेरायचा, त्यावर खूण करायची आणि पेशीच्या कचरापट्टीकडे पाठवायचा.

मग शरीरभर मायटोकॉन्ड्रिया असताना आधी याच पेशी का जातात? कारण त्यांचं काम फार महाग आहे. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी तो सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. त्यातही सब्स्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातल्या डोपामिन पेशी म्हणजे कहर. एकेका पेशीच्या फांद्या इतक्या पसरलेल्या असतात की माणसात एका पेशीची जोडणीठिकाणं दहा लाखांच्या घरात जात असावीत असा अंदाज आहे. शिवाय या पेशी कुणी न सांगता, स्वतःच्या तालावर सतत ठोके देत राहतात. प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत येतं, आणि ते बाहेर काढायला पुन्हा ऊर्जा लागते. अशा पेशीत थोडा बिघाडही पचत नाही.

फवारणीचा प्रश्न इथेच येतो. रोटेनोन हे काही वनस्पतींच्या मुळांतून मिळणारं जुनं कीटकनाशक. तेही थेट कॉम्प्लेक्स-१ अडवतं. २००० मध्ये उंदरांना ते हळूहळू देऊन पार्किन्सनसारखा आजार निर्माण करून दाखवला गेला. पॅराक्वाट हे तणनाशक थोड्या वेगळ्या वाटेने, पण घातक ऑक्सिजन-कण निर्माण करूनच नुकसान करतं. अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनामधल्या फवारणी करणाऱ्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या दोनपैकी कोणतंही रसायन वापरलेल्यांत पार्किन्सनची शक्यता सुमारे अडीच पट दिसली. पॅराक्वाट युरोपीय संघात २००७ पासून बंद आहे, केरळने २०११ मध्ये त्यावर बंदी घातली.

पण तुमच्या वडिलांचा आजार फवारणीनेच झाला, असं मी लिहून देऊ शकत नाही, आणि कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. द्राक्षावर मारलं जातं त्यातलं बहुतेक बुरशीनाशक असतं, त्यांची नावं दर काही वर्षांनी बदलतात, आणि एका माणसाच्या बाबतीत मागे जाऊन कारण ठरवण्याची कोणतीही रक्ततपासणी नाही. अडीच पट म्हणजे काय हेही समजून घ्या: फवारणी करणाऱ्या बहुसंख्य माणसांना हा आजार होत नाही. मात्र बागेत आता जो कुणी पंप पाठीवर घेतो, घरचा असो की मजूर, त्याला हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि फवारणीनंतर लगेच आंघोळ, यावर अडून बसा. जेवणाच्या डब्याशेजारी औषधाची बाटली मी अजूनही बांधावर बघतो. वडिलांना स्वतःला बागेत जायचं असेल तर खुशाल जाऊ दे, छाटणीवर देखरेख करू दे. फवारणीच्या दिवशी तेवढं नको.

आता मूळ प्रश्न. आजार मायटोकॉन्ड्रियात आहे, तर त्याला बळ दिलं की आजार थांबायला हवा. हा विचार तुमच्या भावाच्या आधी जगातल्या मोठमोठ्या न्यूरॉलॉजिस्टांनी केला आणि त्यावर वीस-पंचवीस वर्षं पैसा, माणसं, रुग्णांचा वेळ ओतला. कोएन्झाइम क्यू-१० हा ऊर्जासाखळीतला इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा घटक, त्यामुळे सगळ्यात आधी त्याच्यावरच नजर गेली. २००२ मध्ये ८० रुग्णांवरची छोटी चाचणी आली आणि त्यात रोज १२०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांची घसरण हळू दिसली. बातम्या झाल्या, दुकानांत डबे आले. आजही विकणारे याच चाचणीचा दाखला देतात.

पुढे अमेरिका-कॅनडात ६०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. कुणाला १२०० मिलिग्रॅम, कुणाला २४००, कुणाला नुसतीच दिसायला सारखी गोळी. सोळा महिन्यांसाठी आखलेली ही चाचणी २०११ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण फायदा दिसण्याची शक्यताच उरली नव्हती. आजाराच्या मोजपट्टीवर खोट्या गोळीवाले ६.९ गुणांनी घसरले, १२०० वाले ७.५ ने, २४०० वाले ८ गुणांनी. फरक इतका नाही की औषधाने नुकसान केलं म्हणावं, पण फायद्याचं तर नावच नको. तुम्ही पाठवलेल्या डब्याच्या फोटोत एका कॅप्सूलमध्ये १०० मिलिग्रॅम आहे. जे बारा आणि चोवीस कॅप्सूलनी जमलं नाही ते एका कॅप्सूलने कसं जमेल, एवढंच भावाला विचारा. आणखी एक: घरात कुणी वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेत असेल तर क्यू-१० त्याचा परिणाम कमी करू शकतं, हे त्या डब्यावर सहसा ठळक लिहिलेलं नसतं.

क्रिएटिन या ऊर्जा साठवणाऱ्या पदार्थाचंही तेच. रोज १० ग्रॅम, १७४१ रुग्ण, पार्किन्सनमधल्या सर्वांत मोठ्या चाचण्यांपैकी एक. २०१३ मध्ये थांबवली. मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसावं म्हणून खास घडवलेलं मायटोक्यू, १२८ रुग्ण, वर्षभर: फरक नाही. व्हिटॅमिन ई: नाही. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात क्यू-१० आणि क्रिएटिन दोन्ही: नाही. अल्झायमरमध्ये डिमेबॉन नावाचं औषध मायटोकॉन्ड्रिया सावरतं म्हणून गाजलं. २००८ मध्ये रशियातल्या १८३ रुग्णांवर निकाल इतका देखणा आला की कुणालाही मोह व्हावा. २०१० मध्ये मोठ्या चाचणीत तो निकाल पुन्हा आलाच नाही. एएलएसमध्ये, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजारात, तर एक संयुक्त औषध १३७ रुग्णांच्या चाचणीवर २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, विकलंही गेलं. २०२४ मध्ये ६६४ रुग्णांच्या चाचणीत ते हरलं आणि कंपनीने बाजारातून मागे घेतलं. छोट्या चाचणीत चमकणं आणि मोठ्या चाचणीत विझणं, हे या क्षेत्रात इतक्यांदा झालंय की ‘३० रुग्णांत आशादायक परिणाम’ असं वाचलं की मी चहा संपवून मगच पुढे वाचतो.

असं का होतं, याची मला पटणारी कारणं सांगतो.

पहिलं, वेळ. हात थरथरू लागतो, पाऊल फरफटतं, तोवर त्या काळ्या भागातल्या बऱ्याच पेशी आणि त्यांच्या फांद्या संपलेल्या असतात. मेलेल्या पेशीच्या मायटोकॉन्ड्रियाला बळ देता येत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते तुमच्या घरी लगेच समजेल. गावातली डीपी जळाल्यावर मागून विजेचा दाब वाढवून मोटर चालत नाही. उलट ठिणग्या उडतात. खराब मायटोकॉन्ड्रियाचं नुसतं उत्पादन कमी नसतं, तो आजूबाजूचं जाळतही असतो. पिंक-१ आणि पार्किनने शिकवलं ते हेच, की मुद्दा खराब मायटोकॉन्ड्रिया वेळेत काढून टाकण्याचा आहे. क्यू-१० आणि क्रिएटिन यांनी काढायचं काम केलंच नाही, वरून इंधन ओतलं.

तिसरं, पार्किन्सन हे एका आजाराचं नाव असलं तरी आत बरेच आजार आहेत. काहींत मायटोकॉन्ड्रिया आधी बिघडतो, काहींत अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन गुठळ्या करतं आणि मायटोकॉन्ड्रिया त्यात भरडला जातो. सगळ्यांना एकाच रांगेत उभं करून एकच गोळी दिली तर ज्यांना उपयोग झाला असता तेही सरासरीत बुडतात. पण तुमचे वडील कोणत्या गटात आहेत ते सांगणारी, रोजच्या व्यवहारात वापरता येईल अशी खात्रीची तपासणी आज नाही, त्यामुळे ‘आपल्या केसमध्ये चालेल’ असं म्हणायलाही आधार नाही.

आणि शेवटचं, बरीच औषधं रक्तात पोहोचतात, मेंदूत पुरेशी जात नाहीत. मेंदूभोवतीचा अडथळा डब्यावरच्या जाहिराती वाचत नाही.

मायटोकॉन्ड्रियावरचे सगळेच उपचार फसले, असं मात्र नाही. जिथे कारण एकच आणि नक्की ठाऊक आहे तिथे दार उघडलं आहे. फ्रीड्राइख अटॅक्सिया या आनुवंशिक आजारात फ्रॅटॅक्सिन नावाचं मायटोकॉन्ड्रियातलं प्रथिन कमी पडतं आणि तरुण वयात चालणं डळमळू लागतं. त्यावर ओमाव्हेलोक्सोलोन हे औषध फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ४८ आठवड्यांच्या चाचणीत खोट्या गोळीच्या तुलनेत २.४ गुणांचा फरक. आजार बरा झाला नाही, पण या आजारात त्याआधी मंजूर औषधच नव्हतं. लेबर नावाच्या, मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएतल्या दोषाने दृष्टी जाणाऱ्या आजारात युरोपने २०१५ मध्ये आयडेबेनोनला परवानगी दिली. गंमत अशी की आयडेबेनोन हा क्यू-१०चाच चुलतभाऊ. एका आजारात उपयोगी पडला म्हणजे शेजारच्या आजारात पडेलच असं नाही, एवढं त्यातून घ्यायचं.

पार्किन्सनमध्ये पुढे काय चाललंय? पित्ताशयाच्या खड्यांसाठी आणि यकृताच्या काही आजारांत वापरलं जाणारं जुनं औषध यूडीसीए ब्रिटनमध्ये ३० रुग्णांवर तपासलं गेलं. जास्त डोस सोसतो एवढं कळलं. माझं लक्ष सगळ्यात जास्त आहे ते खराब मायटोकॉन्ड्रिया काढण्याची यंत्रणा जागी करणाऱ्या रसायनांकडे. यूएसपी-३० हे एन्झाइम पार्किनने केलेली खूण पुसतं. त्याला रोखायचं, किंवा पिंक-१ला थेट चालना द्यायची. ही रसायनं माणसांतल्या अगदी सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत पोहोचली आहेत. यातलं काही चाललं तर ती खरी मायटोकॉन्ड्रियाची दुरुस्ती असेल.

एनएमएनबद्दल विचारलंत. शरीर त्यापासून एनएडी हा ऊर्जा बनवायला लागणारा रेणू तयार करतं. त्याच्या जवळच्या एनआर या पदार्थावर नॉर्वेच्या बर्गनमध्ये काम झालंय. नवं निदान झालेले ३० रुग्ण, रोज १००० मिलिग्रॅम, ३० दिवस. मेंदूत एनएडीची पातळी वाढलेली स्कॅनवर दिसली, तीही सगळ्यांत नाही. तो अभ्यास आजार थांबतो का हे ठरवण्यासाठी नव्हताच. एनएमएन त्याहून वेगळा पदार्थ आहे आणि पार्किन्सनमध्ये त्याच्यावर तसं भक्कम काही नाही. मोठ्या शहरांत आता एनएडीची सलाइन लावून मिळते. त्या खुर्चीवर बसायला मी माझ्या रुग्णांना सांगत नाही.

मेटफॉर्मिनबद्दल: प्रयोगशाळेत ते कॉम्प्लेक्स-१ला थोडं रोखतं हे खरं, म्हणूनच भावाने ते बंद करायला सांगितलं असेल. बंद करू नका. अनियंत्रित साखर मेंदूचं आणि नसांचं नुकसान करते, आणि मेटफॉर्मिनने पार्किन्सन वाढतो असा पुरावा हाती नाही. त्याने बी-१२ मात्र कमी होतं, ते तपासून घ्या. घरी शाकाहार असेल तर नक्कीच. पायाची आग, मुंग्या यांना लोक ‘पार्किन्सन वाढला’ म्हणतात आणि निघतं बी-१२. मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर, जीएलपी-१ गटातल्या लिक्सिसेनाटाइडने २०२४ मध्ये १५६ रुग्णांत घसरण थोडी रोखलेली दिसली, पण जवळजवळ निम्म्यांना मळमळ झाली. त्याच गटातल्या एक्सेनाटाइडची मोठी चाचणी २०२५ मध्ये निष्फळ ठरली. म्हणजे या गटालाही पार्किन्सनसाठी आज हात घालायचा नाही. साखरेसाठी डॉक्टरांनी दिलं तर ती वेगळी गोष्ट.

आता डबे बाजूला ठेवून घरची गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करा. माझ्या ओपीडीत पहिलं काम हेच असतं, आणि नवीन संशोधनापेक्षा रुग्णाला जास्त फरक बऱ्याचदा त्या पिशवीतून पडतो. पार्किन्सनमध्ये पोट फुगतं, साफ होत नाही, मग गावातल्या मेडिकलमधून पित्ताची कॅप्सूल येते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड लिहिलेलं असतं. हे लेव्होसल्पिराइड डोपामिनचं दार बंद करतं. एका हाताने लेव्होडोपा द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याचं दार लावायचं, असा प्रकार महिनोन्‌महिने चालतो आणि सगळे म्हणतात आजार वाढला. चक्करसाठीचं सिनारिझिन, फ्लुनारिझिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन हेही त्याच यादीत. वडिलांच्या पिशवीत यातलं काही निघालं तर स्वतः न थांबवता पाकिटाचा फोटो डॉक्टरांना पाठवा. बहुतेक ठिकाणी पर्याय असतो.

मग गोळीची वेळ. तुम्ही लिहिलंय की सकाळची गोळी ग्लासभर दुधाबरोबर देता. लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरतं ते प्रथिनांच्या अमिनो आम्लांच्याच वाटेने, आणि दुधातली प्रथिनं त्याला मागे ढकलतात. गोळी साध्या पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा-पाऊण तास. रक्त वाढवण्याची लोहाची गोळी चालू असेल तर ती दोन-तीन तास लांब. उसळ, अंडी, डाळ बंद करायची नाही, ६६व्या वर्षी अंगावर मांस टिकायला हवं. गोळीचा परिणाम मध्येच ओसरतो असं दिसलं तर प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्यायचा. कवचबीजाचं चूर्ण कुणी सुचवलं असेल तर सांगतो: खाजकुयलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. म्हणूनच गोळ्यांवर ते आणखी दिलं तर डोस दुप्पट होऊन अंगाची वेडीवाकडी हालचाल, भास, रक्तदाब पडणं सुरू होऊ शकतं. आणि लेव्होडोपाने आजार लवकर वाढतो म्हणून गोळी मागे ठेवू नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४४५ रुग्णांच्या चाचणीत लवकर सुरू केल्याने आजार ना मंदावला ना वाढला. चालता येण्यासाठी ती आहे, ती द्या.

मायटोकॉन्ड्रियासाठी काहीतरी करायचंच आहे ना, तर सायकल. थट्टा नाही. व्यायामाने स्नायूंमध्ये नवे मायटोकॉन्ड्रिया तयार होतात, हे पक्कं आहे. पार्किन्सनच्या मेंदूत नेमकं काय होतं ते तितकं पक्कं नाही, पण रुग्णात फरक मोजला गेला आहे. नेदरलँड्समध्ये १३० रुग्णांपैकी निम्म्यांना घरीच जागेवरची सायकल दिली, आठवड्यातून तीनदा ३० ते ४५ मिनिटं, सहा महिने. गोळीचा परिणाम उतरलेला असताना तपासलं तेव्हा नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते ४.२ गुणांनी बरे होते. अमेरिकेत १२८ रुग्णांच्या अभ्यासात ट्रेडमिलवर हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेणाऱ्यांची घसरण सहा महिन्यांत जवळपास थांबलेली दिसली. क्यू-१०च्या मोठ्या चाचणीत एक गुणही मिळाला नव्हता, हे शेजारी ठेवून बघा. संध्याकाळी ओट्यापर्यंत चालून आले म्हणजे हा व्यायाम नव्हे. बोलताना धाप लागली पाहिजे. त्याआधी हृदयाची तपासणी, आणि उठल्यावर रक्तदाब पडत नाही ना ते बघणं, मधुमेह असल्यामुळे दोन्ही आवश्यक. एकट्याने होत नाही, हे खरं. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पीडीएमडीएस संस्था अशा गटांत शेजारी कुणी तरी पायडल मारत असतं, आणि शेतकरी माणूससुद्धा मग लाजत नाही.

भावाच्या पैशांबद्दल विचारलं नाहीत, पण सांगतो: त्याला चांगली जागेवरची सायकल आणि आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट, एवढ्याची जबाबदारी द्या. लांब राहणाऱ्या मुलाला काहीतरी करायचं असतं, त्याला नुसतं नाही म्हणून भागत नाही. ‘नवी थेरपी’ म्हणून कुणी पैसे मागितले तर चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का ते आधी बघायचं. खऱ्या चाचणीत रुग्णाला औषधाचं बिल येत नाही. स्टेम सेलच्या नावाने पार्किन्सनवर पैसे घेऊन उपचार करणं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही, तेही याच ओघात.

मुलाबाळांचं शेवटी. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए अगदी लहान, ३७ जनुकांचा, आणि तो आईकडूनच येतो. त्यामुळे वडिलांच्या मायटोकॉन्ड्रियातलं काही तुमच्यात आलेलंच नाही. पार्किन आणि पिंक-१ मात्र पेशीच्या केंद्रातल्या डीएनएवर असतात, आणि तो आई-वडील दोघांकडून येतो. साठीनंतर, घरात दुसरं कुणी आजारी नसताना झालेल्या पार्किन्सनमध्ये मुलांची शक्यता इतरांपेक्षा थोडीच जास्त असते. तुमची किंवा तुमच्या मुलांची जनुकीय तपासणी करायची गरज मला दिसत नाही. चुलत-मावस घरांत कुणाला चाळिशीच्या आत पाय ओढत चालणं, हात आखडणं सुरू झालं असेल, किंवा जवळच्या नात्यातलं लग्न असेल, तर ते न्यूरॉलॉजिस्टना जरूर सांगा. त्या परिस्थितीत तपासणी आधी त्या आजारी माणसाची होते, आणि त्यात काही सापडलं तरच बाकीच्यांचा विचार.